घरचं बीपी आणि दुधाचा हिशेब

घरच्या घरी तपासणी करायची आपली भीड आता चेपली आहे. प्रेग्नन्सीची पट्टी आधीच घरोघरी पोचली होती. मे २०२१ मध्ये पुण्याच्या मायलॅबच्या कोविड किटला आयसीएमआरने मान्यता दिली आणि नाकात काडी फिरवून पंधरा मिनिटांत निकाल बघायलाही आपण शिकलो. आता बीपीचं यंत्र आलं. उत्तम झालं. पण मोजलेला आकडा जातो कुठे? डॉक्टरांनी विचारलं की ठरलेलं उत्तर, "होतं की, एकशे तीसच्या आसपास."

आसपास? दूधवाला महिनाअखेरीला आल्यावर त्याला "असेल रोज लिटरच्या आसपास" असं सांगता का? नाही ना! खाड्याची फुली, पाहुणे आले त्या दिवसाचं जादा दूध, सगळं कॅलेंडरवर मांडलेलं असतं. आणि पाहुण्यांच्या दिवसावरून कुणी महिन्याचं बिल लावत नाही. मग रात्री एकदा बीपी चढलेलं दिसलं, की शेजाऱ्याची गोळी मागून का घेता? एकदा बरं दिसलं, की आपली गोळी बंद का करता? अहो, तो बरा आकडा गोळीमुळेच आलेला असतो! म्हणून लिहा. तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा.

मोजायचं कसं, तेही सांगतो. चहा-तंबाखूनंतर अर्धा तास जाऊ द्या. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. गप्प म्हणजे गप्प, फोनसुद्धा नको. दंड छातीच्या पातळीला. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. जो आवडला तेवढाच नव्हे! सकाळ-संध्याकाळ असे सात दिवस. पहिला दिवस हिशेबात धरू नका.

दवाखान्यात १४०/९० ही उच्च रक्तदाबाची रेषा, घरी मात्र १३५/८५. कारण डॉक्टरांसमोर काहींचं बीपी उगाच चढतं. काहींचं उलट, दवाखान्यात नीट आणि घरी चढलेलं. ही दुसरी मंडळी सापडतात ती लिहिलेल्या हिशेबातूनच. म्हणून पुन्हा सांगतो, लिहा.

एक अपवाद. आकडा १८०/१२० च्या वर आणि छातीत दुखतंय, धाप लागतेय किंवा जीभ जड झालीय, तर वही राहू द्या, तडक रुग्णालय गाठा.

काही घरांत आजोबांचं बीपी रोज मोजतात, पण स्वयंपाकघरातल्या बाईच्या दंडाला तो पट्टा कधी लागतच नाही. त्यावर खरं तर वेगळंच बोलायला हवं... पण स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण झाली. जाता जाता एवढंच, पट्टा दंडाच्या मापाचा घ्या, लहान पडला तर आकडा उगाच जास्त येतो. आणि लिहा हो, लिहा.