गुन्हेगार शोधू नका

मानसोपचाराच्या वर्षभरातल्या घडामोडींचा आढावा अध्यक्षाने घ्यावा, अशी प्रथा आहे. तो स्मरणिकेत छापला आहे, सवडीने वाचा. मला दुसरेच बोलायचे आहे, आणि त्यासाठी या माईकची मी बरीच वर्षे वाट पाहिली. सुरुवात एका खेळाडूपासून.

जिमी पिअरसॉल हा बॉस्टन रेड सॉक्सचा बेसबॉलपटू. १९५२ साली, वयाच्या २२व्या वर्षी, मैदानाच्या कडेला खेळणाऱ्या या खेळाडूला संघाने आतल्या भागात, शॉर्टस्टॉपच्या जागी उभे केले. तो घाबरला, पंचांशी भांडू लागला, यांकीज संघाच्या बिली मार्टिनशी हाणामारी केली. त्याला खालच्या लीगमध्ये बर्मिंगहॅमला धाडले, पण तिथेही तेच. जुलैत तो मॅसॅच्युसेट्सच्या वेस्टबरो रुग्णालयात दाखल झाला. शॉक दिले गेले, समुपदेशन झाले. पुढच्या वर्षी तो मैदानात परतला आणि १० जून १९५३ला एकाच सामन्यात सहापैकी सहा वेळा यशस्वी फटका मारला. पुढे दोन गोल्ड ग्लव्ह पुरस्कार आणि एकूण १७ हंगाम.

१९५५मध्ये त्याचे 'फिअर स्ट्राइक्स आउट' हे आत्मकथन आले, १९५७मध्ये त्यावर चित्रपट. पडद्यावर सगळे सोपे झाले: बाप कडक, म्हणून पोरगा मोडला. पिअरसॉलला हे अजिबात रुचले नाही. वडिलांना नको तेवढे काळे रंगवले, अशी त्याची तक्रार होती. आई त्याच्या लहानपणापासून मानसिक आजाराने वारंवार रुग्णालयात जात होती. पण रक्तातला आजार पडद्यावर खलनायक म्हणून शोभत नाही!

१९६३मध्ये त्याने मेट्स संघाकडून शंभरावी होमरन मारली आणि पाठमोरा धावत फेरी पुरी केली. असे काही केले की लोक जुना आजारच आठवत. आधी बाप आरोपी होता, आता आजार. त्याला थट्टा करायचीसुद्धा सोय उरली नाही.

आता तुमच्या आवडत्या वादाकडे येतो: गोळी की संवाद. माझ्याकडे एक तरुण कबड्डीपटू आला होता. आधीच्या दवाखान्यात त्याच्या वडिलांना पहिल्याच भेटीत विचारले होते, "पोरावर किती दबाव टाकलात?" तो माणूस पुन्हा तिथली पायरी चढला नाही. गोळ्या तोच देत असे. त्या थांबल्या, आजार उलटला. माझ्या लेखी वाद तिथेच मिटला. गोळी हातावर ठेवणारा माणूस घालवून बसलात, तर कसली गोळी आणि कसला संवाद?

शॉकच्या नावाने दचकणाऱ्यांना एवढेच सांगतो, की २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने भुलीशिवाय शॉक द्यायला बंदी केली, ते उत्तम झाले. पण "पोर तुमच्यामुळे बिघडले" हे वाक्य आपण आजही भुलीशिवायच देतो. त्यावर कायदा नाही.

दबावाने आजार उफाळतो, हे मलाही ठाऊक आहे. दबाव विचारा, जरूर विचारा. आरोपपत्र ठेवू नका. नातेवाइकांशी पहिली भेट कशी घ्यावी, यावर एक पुस्तिका काढावी म्हणतो. समितीही नेमू, कोण, कधी, ते कार्यकारिणीत पाहू. तोवर केसपेपरवर "वडील कडक" एवढेच निदान लिहिणाऱ्यांनी चहाच्या वेळी माझ्याशी भांडायला यावे. मी तयारीने आलो आहे.