पुतळा हलतो, शब्द मात्र घरातच राहतो

(या भागाचं लेखी रूप. इअरफोन विसरलेल्यांसाठी आणि रेंज नसलेल्यांसाठी.)

मी कट्ट्यावरून बोलतेय. म्हणजे कट्ट्यावर बसून गप्पा मारतेय असं नाही, कट्टा हे आमच्या गावाचं नाव आहे. मालवण तालुका, जिल्हा सिंधुदुर्ग. पुण्यातल्या मित्रांना हे दर वेळी समजावून सांगावं लागतं, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकलं.

आजचा विषय पुतळ्यांचा आहे. पुतळा म्हटलं की आमच्या तालुक्यात माणसं जरा गप्प होतात. २६ ऑगस्ट २०२४ ला राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा कोसळला, तेव्हा मी घरीच होते. त्या दिवशी आमच्या वाडीत कोणी मोठ्याने टीव्हीसुद्धा लावला नाही. त्यामुळे ‘पुतळा म्हणजे काय, धातूच तर असतो’ असं मी बोलणार नाही. तसं असतं तर कोणी रडलं नसतं. पुतळा म्हणजे ‘हा माणूस आमच्यासाठी मोठा आहे’ असं चारचौघांत उभं राहून सांगणं.

मग प्रश्न येतो, की ज्याला आपण मोठा म्हटलं तो माणसं विकणारा निघाला तर?

आता जरा २०२० च्या जूनमध्ये चला. लॉकडाऊन. मी नुकतीच नोकरीला लागलेली, लॅपटॉप घेऊन गावी आलेली. रेंज मिळायची ती मागच्या काजूच्या बागेत, तीही एका ठरावीक दगडावर बसलं तरच. त्या दगडावर बसून मी तो व्हिडिओ पाहिला. इंग्लंडमधलं ब्रिस्टल शहर, ७ जून. अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडला पोलिसांनी मारल्यानंतर जगभर मोर्चे निघाले होते, त्यातलाच हा एक. लोकांनी एडवर्ड कोल्स्टनच्या पुतळ्याला दोर बांधले, खाली ओढला, रस्त्यावरून लोळवत नेला आणि बंदराच्या पाण्यात ढकलला.

हा कोल्स्टन सतराव्या शतकातला व्यापारी. रॉयल आफ्रिकन कंपनीत मोठ्या पदावर होता. तो त्या कंपनीत असताना सुमारे ८४,००० आफ्रिकी माणसं जहाजांतून नेली गेली आणि त्यातली सुमारे १९,००० वाटेतच मेली, असा अंदाज आहे. त्या पैशातून त्याने शाळा, दवाखाने, धर्मादाय संस्थांना देणग्या दिल्या. म्हणून १८९५ मध्ये, म्हणजे तो मेल्यावर पावणेदोनशे वर्षांनी, शहराने त्याचा पुतळा उभारला. खाली लिहिलं, शहराचा सद्गुणी सुपुत्र. माणसं विकल्याचा उल्लेखही नाही.

तुम्ही म्हणाल, पण असं गर्दीने पाडायचं का? कायदा आहे, अर्ज करा, ठराव करा. मलाही तेव्हा तेच वाटलं होतं. पण नंतर वाचलं की ते सगळं करून झालं होतं. वर्षानुवर्षं लोक मागणी करत होते. शेवटी पुतळा राहू दे, निदान खरी माहिती देणारी एक पाटी तरी लावा, इथपर्यंत गाडी आली. पाटीचा मजकूर तयार झाला. मग त्या मजकुराच्या शब्दांवरून वाद. हा शब्द फार कडक, तो शब्द काढा. २०१९ मध्ये ती पाटी अडकली ती अडकलीच. वर्षभराने पुतळा पाण्यात. आपल्याकडे पाणंदीच्या रस्त्याचा अर्ज जसा या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो ना, तसंच. तरी माझं मत सांगते, दोर लावण्याआधी पाटी लागली असती तर बरं झालं असतं. पण ती लागली नाही, यात दोरवाल्यांचा दोष कमी आणि टेबलवाल्यांचा जास्त. खटला चालला तो चौघांवर, आणि जानेवारी २०२२ मध्ये ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडलं.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांकडे डेटाबेसच्या जोड्या असतात. एक मुख्य, बाकीचे त्याची नक्कल ठेवणारे. त्यांना कित्येक वर्षं ‘मास्टर’ आणि ‘स्लेव्ह’ म्हणायचे. मालक आणि गुलाम. कॉलेजात चार वर्षं हेच शिकले, परीक्षेत आकृत्या काढल्या, एकदाही अडखळले नाही. २०२० मध्ये मायएसक्यूएलने जाहीर केलं की हे शब्द काढणार. गिटहबने नव्या प्रोजेक्टची मुख्य शाखा ‘मास्टर’ऐवजी ‘मेन’ केली. आमच्या टीममध्येही टिकट आलं, जिथे जिथे ‘स्लेव्ह’ असेल तिथे ‘रेप्लिका’ करा. काम आलं सगळ्यात ज्युनियर माणसाकडे, म्हणजे माझ्याकडे. दोन दिवस शोधा आणि बदला. कॉलवर कोणीतरी म्हणालं, “आता व्हेरिएबललासुद्धा भावना असतात वाटतं.” सगळे हसले. मीही हसले. मोठ्याने.

हे मी का सांगतेय? कारण त्याच संध्याकाळी मी उन्हातून त्या दगडावरून घरी आले आणि आजी म्हणाली, “गो चेडवा, उनात भटकू नको, खापरी दिसतलंस!”

खापरी. हा शब्द मी जन्मापासून ऐकत आलेय. मी घरात सगळ्यात काळी. शाळेत स्नेहसंमेलनाच्या नाचात मला मागच्या रांगेत टाकायचे तेव्हा पोरं हाच शब्द म्हणायची. गेल्या दोन-तीन वर्षांत स्थळं यायला लागली, तर एका घरातून मध्यस्थाकरवी निरोप आला, मुलगी हुशार आहे, पण जरा खापरीच आहे. बीटेक, बरा पगार, सगळं एका शब्दात संपलं. आणि गंमत बघा, मला कायम वाटायचं की हा शब्द ‘खापर’वरून आला. चुलीवरचं काळं खापर, ज्यावर आजी खापरोळ्या करते. नारळाच्या गोड रसातल्या खापरोळ्या माझ्या जिवाभावाच्या! म्हणून मी तो शब्द गिळत राहिले. खापरासारखी काळी, एवढंच ना.

तसं नाहीये. अरबीतला ‘काफिर’, त्याचं पोर्तुगिजांनी केलं ‘काफ्र’, आणि आपल्या किनाऱ्यावर झालं काफ्री, काप्री, खापरी. पोर्तुगीज हा शब्द आफ्रिकेतल्या माणसांसाठी वापरायचे. मोझांबिककडून जहाजात भरून गोव्यात आणलेल्या, विकलेल्या माणसांसाठी. म्हणजे माझ्या शाळेतली पोरं मला चिडवायला जो शब्द वापरत होती, तो एके काळी बाजारात माल ओळखायला वापरत होते.

हा बाजार लांब कुठे नव्हता. आमच्या घरापासून जुनं गोवं गाडीने तीनेक तासांवर. १५८० च्या दशकात लिन्सखोटेन नावाचा एक डच माणूस तिथे पाच वर्षं राहिला, आर्चबिशपच्या कचेरीत कामाला होता. त्याने लिहून ठेवलंय की शहराच्या मुख्य रस्त्यावर रोज सकाळी लिलाव भरायचा. घोडे, दागिने, कापड, मसाले आणि माणसं. एकाच रस्त्यावर, एकाच लिलावात.

गेल्या वर्षी मी तिथे गेले. नदीकडून वर येताना व्हाइसरॉयची कमान लागते. तिच्या कोनाड्यात वास्को द गामा आजही उभा आहे. त्याची एक गोष्ट ऐका. १६०० साली त्याचा पणतू फ्रान्सिस्को द गामा गोव्याची व्हाइसरॉयकी संपवून निघाला, तेव्हा त्याच्या कारभाराला वैतागलेल्या लोकांनी पणजोबाचा हाच पुतळा कमानीवरून खाली पाडला, त्याचे तुकडे केले. पुढे काही वर्षांनी तो परत बसवला. म्हणजे पुतळे पाडणं ही काही मोबाईलवाल्या पिढीची फॅशन नाही. ब्रिस्टलच्या चारशेवीस वर्षं आधी आपल्या शेजारीच हे झालंय.

तिथून पुढे पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय. आत अफोन्सो द अल्बुकर्क उभा आहे. ब्राँझचा, भला थोरला. १५१० मध्ये गोवा जिंकणारा. पूर्वी पणजीत, आज ज्याला आझाद मैदान म्हणतात, तिथे त्याच्यासाठी १८४७ मध्ये खांबांचा मंडप बांधला होता. १९६१ नंतर पुतळा तिथून हलला. त्या मंडपात आता गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्यातल्या त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांचं स्मारक आहे.

मला हे फार आवडलं. पुतळा फोडला नाही, वितळवला नाही, बुडवला नाही. मानाच्या जागेवरून काढला, माहितीच्या जागी ठेवला. आमच्या भाषेत सांगायचं तर होम पेजवरून काढला, पण लॉग डिलीट केला नाही. ‘पुतळे काढले की इतिहास पुसला जातो’ म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते. पुतळा म्हणजे इतिहास नाही, पुतळा म्हणजे इतिहासातल्या एका माणसाला दिलेला हार. हार काढला म्हणून माणूस पुसला जात नाही. कोल्स्टनचं पण शेवटी तेच झालं. त्याला पाण्यातून काढला आणि आता तो ब्रिस्टलच्या संग्रहालयात आडवा पडलाय, अंगावर आंदोलकांनी फासलेला रंग तसाच. आधी कोणी त्याच्याकडे मान वर करून बघत नव्हतं, आता वाकून वाचतात.

पण अल्बुकर्कसमोर उभी असताना मला एक गोष्ट टोचली. तो पणजीतून हलला तो आपल्यासाठी. आपल्यावर राज्य केलं म्हणून. बरोबरच होतं. पण त्या रस्त्यावर जी माणसं विकली गेली, त्यांच्या नावाने तेव्हा कोणी दोर ओढला नव्हता. पुतळा गेला आणि ‘खापरी’ तसाच राहिला. मुंबईत बघा ना. सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा १९६५ मध्ये काढून राणीच्या बागेत नेला, पण चौकाचं नाव काळा घोडाच राहिलं. इतकं घट्ट, की २०१७ मध्ये तिथे नवा घोडा आला, बिनस्वाराचा. पुतळा क्रेनने उचलता येतो, जिभेवर बसलेल्या शब्दाला क्रेन नाही.

आणि त्या माणसांची काहीच आठवण उरली नाही असंही नाही. कारवारला कोडीबागेत खाप्री देव आहे. लोक त्याला सिगारेट, विडी, दारू वाहतात. तो मूळचा आफ्रिकेतून आलेला, असं तिथे मानतात. तिकडे केरळात कोचीला कप्पिरी मुत्तप्पन आहे, पोर्तुगिजांच्या आफ्रिकी गुलामांचा आत्मा म्हणून लोक त्याला ताडी नि चिरूट ठेवतात. म्हणजे एकाच शब्दाने आपण देवाला नवस बोलतो आणि पोरीला नाकारतो.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं फिरंग्यांनी केलं, आपला काय संबंध? त्याचंही दोन्ही बाजूंनी सांगते. अभिमानाची बाजू अशी की १६७७ मध्ये दक्षिणेच्या मोहिमेत शिवरायांनी डचांना जो कौल दिला, त्यात त्यांच्या मुलखात बायका-पुरुष गुलाम म्हणून विकत घ्यायला आणि बाहेर न्यायला बंदी घातली. युरोपातल्या कंपन्या माणसांचे भाव ठरवत होत्या त्या काळात! राजकोटवर गेलात तर हे पण आठवा, नुसती तलवार किती फूट ते नको. आणि दुसरी बाजू अशी की त्यांच्यानंतर शंभरेक वर्षांनी, पेशवाईच्या कागदांत कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. विकत घेतलेल्या बायका, वाड्यांत नि सरकारी कोठ्यांत राबणाऱ्या. त्यांचा पुतळा सोडा, बहुतेकींची नावं तरी आपल्याला कुठे माहीत आहेत?

म्हणून माझं म्हणणं एवढंच. पुतळा काढायचा की ठेवायचा यावर भांडायला मजा येते, कमेंट भरपूर पडतात. पण कोणाचा काढला इथेच थांबलो तर काम अर्धंच झालं. ज्यांना विकलं, त्यांच्यासाठी आपण काय ठेवलं, हा पुढचा प्रश्न. आणि त्याचं उत्तर चौकात मिळायच्या आधी घरात शोधावं लागतं.

मी आजीला हे सगळं सांगितलं. चुलीपुढे बसून, अगदी लिलावापर्यंत. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे कोणाच्या तरी आवशीच्या पोटची पोरां ती. बोटीत घालून हाडलेली.” आणि लाकूड पुढे सारलं. ती एवढंच बोलली. दोन दिवस खपून मी कोडमधला शब्द बदलला होता तेव्हा मला जे कळलं नव्हतं, ते तिला एका वाक्यात कळलं. त्या कॉलवर मी हसले होते, याची मला आजही लाज वाटते.

आता आजी सुधारली का? शंभर टक्के नाही. परवा माझ्या चुलतभावाच्या मुलीला उन्हातून आत बोलावताना ‘खा...’ पर्यंत आली, माझ्याकडे बघितलं आणि ‘काळू’ म्हणाली. मी म्हटलं, “आजी, ह्या पण चालूचा नाय.” तर म्हणते, “एका दिवसात सगळा होयत काय?” पॅच लागलाय, पुढचं व्हर्जन येईल. तिचं वय ८१ आहे. तुमचं-माझं तेवढं नाही.

तुमच्या घरात असा एखादा शब्द आहे का, जो सगळे सहज म्हणतात आणि ज्याचा उगम कोणी विचारला नाही? व्हॉइस नोट पाठवा. कोणी म्हटलं ते नको, शब्द कुठून आला ते शोधून सांगा. भेटूया पुढच्या भागात. येवा, कोकण आपलाच आसा. सगळ्या रंगांच्या माणसांचा.