बाळाची फ्लूची लस आणि डॉक्टरांचे मौन
बाळाला फ्लूची लस द्यावी का, हा प्रश्न सहा महिने पूर्ण झाले की उभा राहतो; त्याआधी ती देता येत नाही. पहिल्यांदा घेताना चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, पुढे दरवर्षी एक. बालरोगतज्ज्ञांपुढील अध्यक्षीय भाषणातला वर्षभराच्या शास्त्रीय प्रगतीचा रिवाजाचा आढावा येथे बाजूला ठेवला आहे, कारण या एका लशीविषयी बोलायचे फार वर्षे राहून गेले आहे.

ही लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना मात्र सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना ती दरवर्षी द्यावी, असे सांगते. आईबापांची पंचाईत होते ती इथे. कार्ड उघडून आई विचारते, “डॉक्टर, ही द्यायलाच हवी का?” शेजारची आजी म्हणते, “अंगणवाडीत तर कुणी सांगितली नाही.” आणि डॉक्टर मान वर न करता उत्तरतात, “तुमची इच्छा.” तक्रार आहे ती या उत्तराविषयी. लशीचे पैसे आईबाप भरतात, म्हणून वैद्यकीय निर्णयही त्यांच्याच गळ्यात घालायचा, हा कुठला न्याय?

दमा किंवा हृदयदोष असलेल्या मुलांपुरतीच ही लस ठेवावी, असे काही सहकारी हिरिरीने मांडतात. प्रस्तुत वक्त्याच्या लेखी हा वाद एका ऑगस्टमध्ये मिटला. अकरा महिन्यांचे, पुऱ्या दिवसांचे, अंगाने भरलेले बाळ रात्री आले. श्वास मिनिटाला सत्तरच्या वर, प्रत्येक श्वासाला फासळ्यांखालची कातडी आत ओढली जात होती, दूध सोडलेले. तपासणीत इन्फ्लूएन्झा निघाला. ऑक्सिजनवर ते सावरले. त्याच्या आईने मे महिन्यात दुसऱ्या एका दवाखान्यात लशीबद्दल विचारले होते आणि “तुमची इच्छा” ऐकून ती परतली होती. जोखमीच्या आजारांच्या यादीत हे बाळ कुठेच बसत नव्हते. दोन वर्षांखालचे वय हीच मोठी जोखीम आहे.

लशीच्या मर्यादाही स्पष्ट सांगाव्यात. लशीतले विषाणू साथीतल्या विषाणूंशी जुळले, तर डॉक्टरकडे न्यावे लागेल असा फ्लू साधारण 40 ते 60 टक्क्यांनी टळतो. साध्या सर्दीचे विषाणू वेगळे, त्यामुळे लशीनंतरही नाक वाहणारच. इंजेक्शनच्या लशीतला विषाणू मृत असल्याने तिच्यामुळे फ्लू होत नाही; मांडी दुखते, एखाद-दोन दिवस कणकण येते.

वेळेबाबतचा घोळ तर अक्षम्य आहे. महाराष्ट्रात फ्लू पावसाळ्यात चढतो, थंडीत पुन्हा डोके काढतो. 2009 मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला, तोही ऑगस्टमध्येच. प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात. म्हणून पहिला डोस एप्रिलमध्ये, दुसरा मेमध्ये पडावा. युरोप-अमेरिकेचे वेळापत्रक पाहून ऑक्टोबरची वाट पाहणे येथे चुकीचे आहे. वेळ हुकली तरी साथ सुरू असेतो लस जरूर द्यावी.

सहा महिन्यांखालच्या बाळाचे संरक्षण आईमार्फतच होते. गरोदरपणी तिने घेतलेल्या लशीतून प्रतिपिंडे बाळाला मिळतात, त्यामुळे स्त्रीरोगतज्ज्ञांना या कामात सामील करून घ्यावे लागेल. आईबापांसाठी मराठीत एक पानाची माहिती आणि चुकलेल्या दुसऱ्या डोसची आठवण देण्याची काही व्यवस्था, ही कामे संघटनेने येत्या वर्षात हाती घ्यावीत. तपशील कार्यकारिणीने ठरवावा.