पटकीचे विष कोठे होते?

गोव्यात १५४३ साली एक भयंकर साथ आली. गास्पार कोरैया या पोर्तुगीज इतिहासकाराने तिचे वर्णन लिहून ठेवले आहे आणि लोक त्या रोगाला काय म्हणत, तो शब्दही आपल्या कानाला लागला तसा नोंदविला आहे. पुढे वीस वर्षांनी, १५६३ मध्ये, गार्सिया द ओर्ता या वैद्याने गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याच व्याधीचे विवेचन केले. हा शब्द कोणता, हे मराठी किंवा कोकणी माणसास सांगावयास नको. तो शब्द मोडशी. आज घरात कोणाला मोडशी झाली म्हणजे आपण साधे अजीर्ण समजतो आणि आले-लिंबाच्या रसाची आठवण करतो. त्या काळी मात्र या शब्दाने माणसाच्या अंगावर काटा उभा राहत असे. परदेशी खलाशांच्या तोंडी या शब्दाचा अपभ्रंश होत होत फ्रेंच भाषेत ‘कुत्र्याचे मरण’ अशा अर्थाचे नाव तयार झाले. शब्द चुकला, पण भीती चुकली नव्हती.

घाटावर या रोगाला पटकी म्हणत, कोणी महामारी म्हणत. गावोगाव मरीआईचे ठाणे असे. साथ आली की देवीचा गाडा वाजतगाजत शिवेपलीकडे नेऊन सोडीत. सकाळी शेतावर गेलेला धडधाकट माणूस संध्याकाळी नाहीसा होई. तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके ढाळ सुरू होत, वांत्या होत, डोळे खोल जात, हातपाय थंड पडून त्यांना पेटके येत, आणि काही तासांत सर्व आटोपत असे. अशा रोगाविषयी प्रश्न एकच असतो: माणूस नेमका कशाने मरतो? हा प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचे उत्तर मिळण्यास, रोगाचा जंतू हाती आल्यानंतरही, पाऊणशे वर्षे लागली.

या शोधाचा आरंभ १८५४ मध्ये झाला असे म्हणता येईल. त्या वर्षी लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात पटकीने सहाशेहून अधिक माणसे दगावली. हा रोग दूषित हवेतून येतो, असा त्या वेळच्या बहुतेक विद्वानांचा समज होता. डॉक्टर जॉन स्नो यांनी मृतांची घरे एक एक करून पाहिली. त्यांतील बहुतेक मंडळी एकाच सार्वजनिक पंपाचे पाणी पीत होती, असे त्यांना आढळले. त्यांच्या सांगण्यावरून ८ सप्टेंबर रोजी त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ तोपर्यंत ओसरू लागली होती हे खरे. पण रोग पाण्यातून येतो, हे स्नो यांचे म्हणणे पुढे खरे ठरले. त्याच वर्षी इटलीत फ्लॉरेन्स येथे फिलिप्पो पाचिनी यांनी पटकीने मेलेल्या माणसांच्या आतड्यांतील द्रव सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यांना त्यात वळवळणारे असंख्य जंतू दिसले. त्यांनी ते प्रसिद्धही केले. पण कोणी लक्ष दिले नाही. या जंतूच्या शास्त्रीय नावाशी पाचिनी यांचे नाव अधिकृतपणे जोडले गेले ते १९६५ मध्ये, म्हणजे एकशे अकरा वर्षांनी.

जगाला हा जंतू खऱ्या अर्थाने ठाऊक झाला तो जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉक यांच्यामुळे. १८८३ मध्ये इजिप्तमध्ये साथ आली, तेव्हा ते तेथे गेले. फ्रान्सचेही एक पथक तेथे आले होते; त्यातील तरुण संशोधक लुई थुइलिये याच रोगाने अलेक्झांड्रियात मृत्यू पावला. साथ ओसरताच कॉक कलकत्त्यास, म्हणजे आजच्या कोलकात्यास आले. रुग्णांच्या आतड्यांतून आणि ज्या तळ्याचे पाणी लोक पीत होते त्या तळ्यातूनही त्यांनी तोच जंतू मिळविला. १८८४ च्या आरंभी तो शुद्ध स्वरूपात वाढविण्यात त्यांना यश आले. स्वल्पविरामासारखा किंचित वाकलेला, एका शेपटीने भराभर पोहणारा हा जीव. असे सुमारे पाचशे जीव एका रांगेत मांडले तर ती रांग एक मिलिमीटर भरेल.

चोर सापडला. आता खटला संपावयास हवा होता. पण तसे झाले नाही. एखादा जंतू रोगाचे कारण आहे असे म्हणावयाचे तर तो निरोगी प्राण्याला देऊन तोच रोग उत्पन्न करून दाखवावा, असा जंतुशास्त्राचा दंडक आहे. उंदीर, ससे, गिनीपिग यांना हे जंतू देऊन पाहिले; पण माणसाला होते तशी पटकी काही त्यांना होईना. विरोधकांना हे पुरेसे होते. म्युनिक येथील माक्स फोन पेटेनकोफर या ख्यातनाम वृद्ध प्राध्यापकांचा जंतूवर विश्वास नव्हता. ७ ऑक्टोबर १८९२ रोजी त्यांनी पटकीच्या जंतूंनी भरलेला द्रव सर्वांसमक्ष पिऊन टाकला. पोटातील आम्लाने जंतू मरू नयेत म्हणून त्यांनी सोडाही घेतला. त्यांना थोडे ढाळ झाले, आणि ते बरे झाले!

जंतू विष निर्माण करीत असावा, असा तर्क कॉक यांनी स्वतः केला होता. त्या विषाचा शोध अनेकांनी घेतला. परंतु घेतला तो भलत्याच जागी. कोणी जंतू प्राण्यांच्या रक्तात टोचले, कोणी पोटाच्या पोकळीत टोचले. जंतूंच्या मृत शरीरातून निघणारे एक विष हाती लागले, आणि तेच सर्व अनर्थाचे मूळ असावे, असे बराच काळ मानले गेले. दुसरीकडे, पटकीत आतड्याचे अस्तर सोलून निघते आणि त्या जखमेतून पाणी वाहते, अशीही एक समजूत रूढ होती. रुग्ण पाण्यावाचून मरतो, हे मात्र १८३१ च्या सुमारासच ओशॉनेसी या तरुण डॉक्टरने रक्ताची परीक्षा करून दाखविले होते. पाणी व क्षार रक्तातून निघून जातात हे माहीत होते. ते का जातात, हे माहीत नव्हते.

हा गुंता सोडविणारे गृहस्थ कलकत्त्याचेच होते. शंभुनाथ डे यांचा जन्म १९१५ मध्ये हुगळी जिल्ह्यातील गरिबाटी या गावी एका सामान्य कुटुंबात झाला. ते वैद्यक शिकले, लंडनला जाऊन १९४९ मध्ये डॉक्टरेट घेऊन आले, आणि कलकत्त्यास परतून पटकीच्या मागे लागले. या संशोधनाला त्यांच्याजवळ मोठी यंत्रसामग्री नव्हती. त्यांच्याजवळ होता एक सरळ विचार. पटकीचा जंतू रक्तात शिरत नाही. तो आतड्यातच राहतो. मग त्याचे कर्तृत्व रक्तात का शोधावयाचे? ते आतड्यातच पाहावे.

त्यांनी सशाला भूल देऊन त्याच्या लहान आतड्याचा एक भाग दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधला. अशा रीतीने आतड्याची एक बंद पिशवी तयार झाली. तिच्यात जंतूंचा द्रव सोडला आणि आतडे पुन्हा जागच्या जागी ठेवले. दुसऱ्या दिवशी पाहतात तो ती पिशवी पाण्याने टम्म फुगलेली! आत तेच, तांदळाच्या धुवणासारखे पाणी. शेजारच्या ज्या पिशवीत जंतू सोडले नव्हते, ती मात्र रिकामी आणि चपटी. हा प्रयोग त्यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केला.

पुढची पायरी त्याहून महत्त्वाची होती. जंतू ज्या द्रवात वाढले तो द्रव डे यांनी गाळून घेतला. असा गाळला की त्यात एकही जंतू उरला नाही. तो निर्जंतुक द्रव त्यांनी सशाच्या आतड्याच्या पिशवीत सोडला. पिशवी पुन्हा पाण्याने भरली! याचा अर्थ स्पष्ट होता. पाणी बाहेर काढण्यास जंतूची हजेरीही लागत नाही. तो जिवंतपणी जे विष बाहेर टाकतो, तेच पुरेसे असते. १९५९ च्या मे महिन्यात ‘नेचर’ या नियतकालिकात हा लेख प्रसिद्ध झाला. मुंबईच्या हाफकिन संस्थेतही दत्ता, पानसे आणि कुलकर्णी या संशोधकांनी सशाच्या पिलांवर प्रयोग करून त्याच वर्षी पटकीच्या विषाचा पुरावा मांडला. ज्या देशाने पटकीचा सर्वाधिक जाच सोसला, त्याच देशातील दोन शहरांनी तिचे रहस्य उलगडावे, यात एक न्याय आहे.

हे विष कसे काम करते, ते आता बारकाईने कळले आहे. त्याचे पाच भाग आतड्याच्या पेशीला घट्ट चिकटतात आणि सहावा भाग आत शिरतो. पेशीत क्षार व पाणी यांची ये-जा नियंत्रित करणारी एक कळ असते. तो ती चालू करून ठेवतो. मग क्षार बाहेर जातात आणि त्यांच्यामागून पाणी जाते. नळ बंद होत नाही. अतिशय तीव्र रोगात एका तासात लिटरभर पाणी जाऊ शकते. आतड्याचे अस्तर मात्र शाबूत असते. बँकॉकमधील रुग्णांच्या आतड्यांची तपासणी करून हे १९६० मध्ये दाखविण्यात आले. आणखी एक नवल १९९६ मध्ये उघडकीस आले. हे विष बनविण्याची कृती मुळात या जंतूची नव्हेच. जंतूच्याही शरीरात शिरणाऱ्या एका विषाणूने ती त्याला दिलेली आहे.

अस्तर शाबूत आहे, या एका गोष्टीत हजारो जीवांचे प्राण होते. कारण आतडे जर फाटलेले नसेल, तर ते अजूनही काही शोषून घेऊ शकते. मीठ एकटे शोषले जात नाही. पण त्याच्यासोबत ग्लुकोज असेल तर आतड्याचे एक वेगळे दार उघडते, आणि या दाराला पटकीच्या विषाचे कुलूप लागत नाही. मीठ व ग्लुकोज आत जातात, त्यांच्यासोबत पाणी आत जाते. १९६८ मध्ये ढाका येथे नॅलिन व कॅश या डॉक्टरांनी रुग्णांवर हे सिद्ध केले.

त्याची खरी कसोटी लागली १९७१ मध्ये. पूर्व पाकिस्तानातून लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगाव येथील छावणीत पटकी पसरली. डॉक्टर दिलीप महालनोबीस तेथे होते. शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले होते आणि रुग्ण जमिनीवर ओळीने पडले होते. त्यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांच्या पुड्या बांधून घेतल्या, त्या पाण्यात कालविल्या आणि ते पाणी आप्तांच्याच हातांनी रुग्णांना पाजण्यास सुरुवात केली. सुमारे ३,७०० रुग्णांवर हा उपचार झाला. आधी शंभरांत तीस दगावत होते. आता चारही दगावेनात. आपण जिला जलसंजीवनी म्हणतो ती हीच. महालनोबीस यांचे २०२२ मध्ये निधन झाले. त्यानंतर, २०२३ मध्ये, त्यांना पद्मविभूषण जाहीर झाले.

शंभुनाथ डे यांच्या वाट्याला तेवढेही आले नाही. १९७३ मध्ये ते निवृत्त झाले. १९७८ मध्ये नोबेल प्रतिष्ठानाच्या परिसंवादाला त्यांना स्टॉकहोमला सन्मानाने बोलावले. नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचे नाव त्या पारितोषिकासाठी सुचविले होते. स्वदेशात मात्र कोणताही मोठा मान त्यांना मिळाला नाही. १९८५ मध्ये ते वारले. फ्लॉरेन्सच्या पाचिनींची आणि त्यांची जातकुळी एकच. परंतु अशा माणसांचे स्मारक निराळे असते. ज्या आईच्या मांडीवरचे मूल ढाळ लागूनही वाचते, तिला त्यांचे नाव ठाऊक नसते. मूल मात्र तिच्या मांडीवर असते.

पटकी गेली, असे समजण्याचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी १३ ते ४० लाख लोकांना ती होते आणि २१,००० ते १,४३,००० माणसे तिला बळी पडतात. म्हणून दोन गोष्टी प्रत्येक घरात ठाऊक असाव्यात. पहिली, पिण्याचे पाणी शंकास्पद वाटले तर ते उकळून घ्यावे आणि जेवणापूर्वी व शौचानंतर साबणाने हात धुवावेत. दुसरी, ढाळ लागताच जलसंजीवनीची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात कालवून थोडी थोडी पाजावी. पुडी जवळ नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ घालावे. चमचे सपाट भरलेले असावेत, शिगोशीग नव्हेत, कारण अधिक मीठ मुलांना अपायकारक असते. अंगावर पिणाऱ्या मुलाचे दूध बंद करू नये. आणि हे पाणी पाजता पाजताच रुग्णाला डॉक्टरकडे न्यावे. ढाळ थांबण्याची वाट पाहत बसू नये. पटकी वाट पाहत नाही.