दुरून फळझाडांची कलमे मागवताना



मृगाचे दोन पाऊस बरे झाले की आपल्या वाशी भागात बांधावर, माळावर काही ना काही लावायची घाई सुरू होते. कुणी आंब्याचं बोलतो, कुणी सीताफळाचं, कुणी डाळिंबाचं. खड्डे उन्हाळ्यातच घेऊन ठेवलेले असतात, पण रोपं कुठून आणायची हे मात्र ठरलेलं नसतं. हल्ली तर त्यासाठी गावाबाहेर जायचीही गरज राहिली नाही. मोबाइलवर चित्र पाहायचं, पैसे पाठवायचे, आठ दिवसांत पेटी वाशी फाट्यावर उतरते. पूर्वी रंगीत सूचीपत्र टपालानं यायचं आणि रोपं व्ही.पी.नं किंवा रेल्वे पार्सलनं यायची. साधन बदललं, धोका तोच राहिला. म्हणून दुरून कलमं मागवताना रोपवाटिका कशी पारखावी, याविषयी आज आपल्याशी बोलणार आहे.

बियाणं फसलं तर एक हंगाम जातो. वाईट वाटतं, पण पुढच्या सालाला माणूस सावरतो. आंब्याचं कलम फसलं तर ते कळायलाच चार-पाच वर्षं लागतात. तोवर पाणी घातलेलं असतं, कुंपण केलेलं असतं, उन्हाळ्यात बायकामाणसांनी डोक्यावरून घागरी वाहिलेल्या असतात. हे मी ऐकीव सांगत नाही, माझ्याच शेतावर घडलं आहे.

१९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना महाराष्ट्रात सुरू झाली आणि गावोगावी आंब्याची हवा आली. मी १९९४ साली एका लांबच्या रोपवाटिकेला पत्र टाकून केशरची ६० कलमं मागवली. सूचीपत्र असं देखणं होतं की घरात आठ दिवस हातोहात फिरलं. बार्शीच्या स्टेशनवर पार्सल आलं, बैलगाडीनं घरी आणलं. महिन्याभरात ११ कलमं वाळली. राहिली ४९. त्यांतल्या १८ झाडांचं कलम जोडाच्या वर मरून गेलं होतं आणि खालच्या गावरान खुंटाची फूट जोमानं वर आली होती. मी अडाणी, तीच फूट कलम समजून वाढवत बसलो! उरलेल्या ३१ झाडांना १९९९ साली पहिला बऱ्यापैकी बहर आला, तेव्हा केशर निघाली अवघी १२. बाकीच्यांची फळं कुठल्या जातीची, ते आजवर कुणी सांगू शकलं नाही. रोपवाटिकेला पत्र लिहिलं. पहिल्या पत्राला उत्तर आलं की दोष तुमच्या हवामानाचा आहे. दुसरं पत्र तसंच परत आलं, पत्ता सापडत नाही म्हणून.

तेव्हापासून मी एक गोष्ट शिकलो. रोपवाटिकेला भाव विचारण्याआधी विचारावं, तुमची मातृझाडं कुठं आहेत? कलम म्हणजे एका झाडाची फांदी दुसऱ्या मुळावर बसवलेली. ती फांदी ज्या झाडाची, त्याच झाडाचं फळ तुम्हाला मिळणार. त्या झाडाचा पत्ता नसेल तर चित्र कितीही गोजिरं असो, त्याला अर्थ नाही. आपल्या सरदार पेरूचंच पाहा ना. १९२७ च्या सुमारास पुण्याच्या गणेशखिंड बागेत डॉ. चीमा यांनी अलाहाबादी सफेदा पेरूच्या रोपांतून एक झाड निवडलं. पुढं ते लखनौ-४९ म्हणून आणि मग सरदार म्हणून देशभर पसरलं. आज जिथं जिथं खरा सरदार पेरू आहे, तिथं तिथं त्या एका झाडाचाच अंश आहे. आणि सरदारच्या फळातलं बी लावून केलेलं रोप हे सरदार नव्हे, विकणारा काहीही म्हणो.

चांगल्या रोपवाटिकेला मातृबागेचं विचारलं की राग येत नाही. उलट ती म्हणते, या आणि बघा. शक्य असेल तर एका गावच्या चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून एकाला पाठवावं. एसटीचं भाडं वाटून घेतलं तर माणशी काही फार पडत नाही. जाताना फळाच्या दिवसांत जावं. झाडावर फळ लागलेलं बघावं, चाखावं आणि त्याच झाडांवरून काड्या घेतात का ते डोळ्यांनी पाहावं. कुणाला जाणं जमत नसेल तर त्या रोपवाटिकेचं रोप पाच-सहा वर्षांपूर्वी नेलेल्या दोन शेतकऱ्यांची नावं मागावीत आणि त्यांच्याशी बोलावं. गेल्या वर्षी नेलेल्यांची नावं दिली तर ती उपयोगाची नाहीत. रोप हिरवं आहे एवढंच ते सांगू शकतील.

दुसरी गोष्ट परवान्याची. फळझाडांच्या रोपवाटिकांवर नियंत्रण ठेवणारा कायदा महाराष्ट्रात १९६९ सालापासून आहे. परवाना क्रमांक पावतीवर आहे का ते बघा, आणि शंका वाटली तर तालुका कृषी अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा. परराज्यातली रोपवाटिका असेल तर राष्ट्रीय बागवानी मंडळाचं मानांकन आहे का ते विचारावं. भाऊसाहेब फुंडकर योजनेतून किंवा रोजगार हमीतून लागवड करणार असाल तर कलमं कुठली चालतील हे आधी कृषी सहायकाकडून समजून घ्या. नाहीतर रोपं येऊन पडतात आणि पावती चालत नाही म्हणून अनुदान अडतं. हे दरवर्षी कुणाचं ना कुणाचं होतंच.

आता जातीच्या नावाबद्दल. सीताफळाचं उदाहरण आपल्या अगदी शेजारचं आहे. बार्शी तालुक्यातल्या गोरमाळे गावचे नवनाथ कसपटे यांनी एनएमके-१, म्हणजे गोल्डन, ही सीताफळाची जात निवडून वाढवली. बी कमी, गर जास्त, माल टिकाऊ, म्हणून ती दूरदूर गेली. पण एखाद्या नावाला बाजारात मागणी आली की त्या नावाची पाटी लावणारेही उभे राहतात. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ सालचा आहे. त्याखाली नोंदलेल्या जातीची रोपं करून विकायची तर जातीच्या मालकाची परवानगी लागते. तेव्हा अशा जातीचं रोप घेताना विक्रेत्याला सरळ विचारावं, तुमच्याकडं परवानगीचा कागद आहे का? "सुपर", "किंग", "नंबर वन" असली शेपटं लावलेली नावं दिसली तर जरा थांबावं. जात कुठल्या विद्यापीठानं किंवा कुणी काढली हे सांगता आलं नाही, तर ते नाव छापखान्यातच जन्मलं असं समजा.

सीताफळाविषयी आणखी एक. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं सीताफळ संशोधन केंद्र अंबाजोगाईला आहे, म्हणजे आपल्यापासून फार लांब नाही. केशर आंब्यासाठी छत्रपती संभाजीनगरच्या हिमायतबागेतलं फळ संशोधन केंद्र आहे, डाळिंबासाठी सोलापूरला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. तिथं रोपं कमी असतात, आधी नोंदणी करावी लागते, चित्रं रंगीत नसतात. पण मी तरी आधी तिथं चौकशी करून मगच बाहेर बघेन.

डाळिंबाच्या बाबतीत तर मी हात जोडून सांगतो, गुटीचं रोप कुठल्या बागेतलं आहे हे कळल्याशिवाय घेऊ नका. तेल्या रोगाचे जंतू रोपाबरोबर प्रवास करतात. गुटी बांधलेल्या बागेत तेल्या असेल तर रोप वरून निरोगी दिसतं, आणि पहिल्या दमट पावसाळ्यात पानावर तेलकट ठिपके उमटतात. मग तुमची बाग तर जातेच, शेजाऱ्याचीही जाते. तेल्यानं सोलापूर, सांगोला, नाशिककडच्या कितीतरी बागा उपटायला लावल्या. स्वस्त गुटीपेक्षा खात्रीच्या प्रयोगशाळेतलं ऊतीसंवर्धित रोप महाग पडलं तरी परवडतं. मात्र तेही चांगलं कणखर केलेलं असावं. प्रयोगशाळेतून काढून थेट उन्हात धाडलेलं रोप काही टिकायचं नाही.

मोसंबी घेणार असाल तर खुंट कोणता हे विचारा. आपल्याकडं रंगपूर लिंबाच्या खुंटावरची मोसंबी बरी चालते. डोळा जमिनीपासून साधारण वीतभर वर भरलेला असावा. अगदी खाली भरला असेल तर तो मातीला लागतो आणि डिंक्या रोगाला आमंत्रण मिळतं. कागदी लिंबू बियांपासूनच करतात, तेव्हा त्याच्या कलमाचा फार बडेजाव कुणी केला तर भुलू नका.

सगळ्यात मोठी फसवणूक रोपात नसते, बोलण्यात असते. "रोपं आमची, माल आम्हीच हमीभावानं परत घेऊ" असं सांगणारे दर काही वर्षांनी नवं झाड घेऊन येतात. १९९० नंतरच्या दशकात सागाच्या लागवडीच्या नावानं लोकांचे पैसे किती बुडाले ते आठवा. शेवटी १९९९ साली सेबीला अशा योजनांसाठी नियम करावे लागले. माल परत घेणार म्हणता, तर करार कुणाच्या सहीचा, कुठल्या पत्त्याचा आणि पाच वर्षांनी तो माणूस कुठं भेटणार? आणि मुख्य म्हणजे, त्या फळाला बार्शीच्या किंवा सोलापूरच्या बाजारात आज काय भाव आहे? भाव नसेल तर हमी कागदावरच राहते.

मागणी करताना एकदम सगळा पैसा पाठवू नये. पहिल्या वर्षी दहा कलमं मागवा. ती कशी बांधून येतात, पिशवीतली माती फुटली आहे का, जोड नीट बसला आहे का, हे बघा. जोडाच्या वर निदान दोन वेळा नवी पालवी येऊन गेलेली असावी. जोडाच्या खाली फूट दिसली तर ती काढा, आणि पुढंही काढत राहा. मी १८ झाडं गमावली ती याच आळसानं. मूळ पिशवीतून बाहेर येऊन गोल वळलेलं असेल तर ते रोप जुनं झालेलं आहे, ते परत करावं. पेटी उघडताना फोटो काढून ठेवा. मेलेली रोपं बदलून देण्याची मुदत किती, हे मागणी देतानाच लेखी घ्या. फोनवरचं बोलणं पुढं कुणाच्याच लक्षात राहत नाही.

आलेली कलमं त्याच दिवशी लावायची घाई नको. तीन-चार दिवस अंधारात, हलत-डुलत आलेली असतात. झाडाच्या किंवा मांडवाच्या सावलीत आठ-दहा दिवस ठेवा, हलकं पाणी द्या, मग ढगाळ दिवस बघून संध्याकाळी लावा. कोकणातल्या दमट हवेत वाढलेल्या कलमाला आपला कोरडा वारा लगेच सोसत नाही, त्याला तर जास्तच जपावं लागतं.

पाणी कमी असलेल्या भावांसाठी एक वेगळा मार्ग सांगतो. कलमं मागवूच नका, काड्या मागवा. गावरान आंब्याची कोय जागेवरच लावा. तिचं सोटमूळ खोल जातं, आपल्या मुरमात ते फार कामाला येतं. वर्ष-दीड वर्षानं, पावसाळी दमट हवेत, त्यावर केशरच्या काडीचं मृदकाष्ठ कलम जागेवरच करून घ्या. काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून केळीच्या सोपटात बांधल्या की दोन-तीन दिवसांचा प्रवास सहज सोसतात. ज्या झाडावरून काडी आणायची ते झाड आपण स्वतः फळानिशी पाहिलेलं असलं म्हणजे झालं. कलम बांधणारा कारागीर मात्र हातखंडा हवा. माझी फसलेली झाडंही मी २००० साली बुंध्यापासून काही उंचीवर खोडून, नव्या फुटींवर अशीच कलमं करून घेतली. एका पावसाळ्यात सगळी जमली नाहीत, दोन वर्षं गेली, पण आज तिथं केशर आहे.

इतकं करूनही फसवणूक झालीच तर गप्प बसू नका. बियाणं घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तर आणखी एक सोय केली. विक्रेता कुठल्याही गावचा असो, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे धाराशिवच्या ग्राहक आयोगात करता येते. आता परगावी खेटे घालायला नकोत. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, तेव्हा बहर आला आणि फळ वेगळं निघालं की लगेच फोटो काढून, कृषी अधिकाऱ्याकडून पाहणी करून घ्या.

त्यासाठी पावती, पिशवीवरची चिठ्ठी, पैसे पाठवल्याचा पुरावा आणि विक्रेत्याची पत्रं किंवा मोबाइलवरचे निरोप एका पिशवीत घालून पेटीत जपून ठेवा. त्याच पिशवीत बागेचा साधा नकाशा ठेवा. कितव्या ओळीत कुठली जात, कुठून आणली, कोणत्या तारखेला लावली, हे त्यावर पेन्सिलनं लिहा. पेन्सिल एवढ्यासाठी म्हणतो की शाई ओल लागली की फिसकटते. माझ्या १९९४ च्या नकाशाचं तेच झालं आणि तिसऱ्या ओळीतली झाडं कुणाची हे आजही घरात वादाचं आहे.