गार्ड घेतलं, डबी राहिली

रेडिओ ऐकणाऱ्या सगळ्या ताई, मावश्या, आज्या आणि आत्ताच शाळेतून घरी आलेल्या मुलींनो, तुम्हाला आमच्या बचत गटाचा नमस्कार. हातातलं काम थांबवू नका. भाकरी थापता थापता ऐकलंत तरी चालेल.

आज आम्ही एका डबीबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, डबीबद्दल काय एवढं बोलायचं? आम्हालाही तसंच वाटलं होतं. त्या वाटण्याची किंमत एका लेकीला मोजावी लागली, म्हणून आज बोलतोय.

आमच्या गावच्या शाळेत मुली हॉकी खेळतात. मैदान मुरमाचं. चेंडू कुठे पडेल आणि कसा उसळेल, नेम नाही. हॉकीचा चेंडू म्हणजे दीडशे ग्रॅमच्या वर वजनाचा, दगडासारखा टणक गोळा. तो तोंडावर बसला तर काय होईल, हे सांगायला नको. म्हणून सरांनी सांगितलं, प्रत्येक मुलीला माउथगार्ड पाहिजे. माउथगार्ड म्हणजे दातांवर बसवायचं रबरासारखं मऊ कवच. बहुतेक मुली गरम पाण्यात घालून, मग दातांनी चावून बसवायचं गार्ड वापरतात. गरम पाण्यात ते मऊ पडतं, दातांचा ठसा घेतं आणि गार झालं की त्याच आकारात राहतं.

मासिक बैठकीत विषय निघाला. सात मुलींची गार्डं गटाच्या पैशातून घ्यायची ठरली. दुकानदार म्हणाला, सोबत डब्या पण घ्या. डबीचे वेगळे पैसे होते. आम्ही हिशेब मांडला आणि ठरवलं, डबी कशाला? घरात डबे काय कमी आहेत? इतिवृत्तात तसं लिहिलं, सगळ्यांनी सह्या केल्या. सही करणाऱ्यांत आम्ही सगळ्याच होतो, म्हणून चूकही सगळ्यांची.

दोन महिने बरे गेले. मग एक दिवस आमच्या गटातल्या एका ताईच्या मुलीने सरावाहून आल्यावर गार्ड धुतलं, कागदात गुंडाळलं आणि कोनाड्यात ठेवलं. सकाळी आजीने घर झाडलं. कोनाड्यातला चुरगळलेला कागद तिने कचऱ्यासोबत चुलीत टाकला. आजीची काय चूक? कागदात काय आहे, हे तिला कोण सांगणार होतं? संध्याकाळी मुलगी गार्डाशिवायच मैदानात उतरली. घरी सांगितलं तर रागावतील, सरांना सांगितलं तर बाहेर बसवतील, म्हणून गप्प राहिली. त्याच दिवशी चेंडू उसळून तोंडावर बसला. ओठ फाटला, पुढचा दात हलायला लागला.

तालुक्याला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हलणारा दात शेजारच्या दातांना तारेने बांधला. नशीब, दात वाचला. पण घरी आल्यावर मुलीचे वडील म्हणाले, "झालं तेवढं पुरे. उद्यापासून हॉकी बंद."

मैत्रिणींनो, खरी भीती ही होती. दात बसला, पण खेळ सुटत होता. आपल्या मुलींना मैदानात जायची परवानगी किती मुश्किलीने मिळते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. आणि ती सुटली कशामुळे? आम्ही वाचवलेल्या डबीच्या पैशांमुळे.

पुढच्या बैठकीला आम्ही उरलेल्या सहाही मुलींना गार्डं घेऊन बोलावलं आणि आहे तशी समोर ठेवायला सांगितली. एकीचं कंपासपेटीत होतं, पेन्सिलीचा भुसा चिकटलेला. एकीचं कॅरीबॅगेत गाठ मारून, वास येत होता. एकीचं स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डबीत, त्यावर काळे ठिपके. एकीने थेट मोज्यातून काढलं! पाणी प्यायला थांबलं की मुली ते मोज्यात खोचतात म्हणे. एकीचं पत्र्याच्या शेडवर उन्हात वाळत घातल्याने वाकलं होतं, दातांवर बसेना. सहावीचं मात्र ठीक होतं. तिच्या मामाने डबीसकट आणून दिलं होतं.

तेव्हा कळलं की गार्ड तोंडात असतं तासभर, आणि उरलेला दिवस कुठेतरी पडून असतं. त्या पडून राहण्याची काळजी डबी घेते. मग आम्ही नीट चौकशी करून नव्या डब्या घेतल्या. त्या घेताना काय पाहिलं, ते सांगतो. हाताच्या पाच बोटांवर लक्षात ठेवा.

पहिलं बोट, माप. दुकानात जाताना गार्ड सोबत न्या. डबीत ठेवून झाकण लावून बघा. झाकणाने गार्ड दबता कामा नये. दाबून कोंबलं तर आकार बिघडतो. फार मोठी डबीही नको, आत खुळखुळत राहिलं तर कडा झिजतात. गार्डाला पट्टा असेल तर पट्ट्यालाही जागा हवी.

दुसरं बोट, भोकं. ओलसर आणि बंद जागेत जंतू आणि बुरशी वाढते. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा गेला की काय होतं, ते आपल्याला माहीत आहे. म्हणून डबीला हवा खेळायला भोकं पाहिजेत. वर आणि खाली दोन्हीकडे असली तर उत्तम, खालून पाणी निथळतं. पण मुंगी आणि माती सहज शिरेल एवढी मोठी नकोत. स्टीलची घट्ट डबी याचसाठी नको. शिवाय ती उन्हात तापते.

तिसरं बोट, कडकपणा. दप्तरात वह्या, पाण्याची बाटली, वर कुणीतरी बसलेलं, हे चालायचंच. बोटाने दाबल्यावर आत जाणारी डबी घेऊ नका. झाकण टक्क आवाज करून बसलं पाहिजे आणि डबी उलटी करून हलवली तरी उघडता कामा नये. बिजागरी दोनचार वेळा उघडझाप करून बघा. बिजागरी तुटली की डबी गेलीच.

चौथं बोट, धुणं. आतले कोपरे गोल असावेत, बोट फिरलं पाहिजे. अरुंद सांधीत मळ बसतो आणि निघत नाही. काही डब्यांवर जंतुनाशक असं लिहिलेलं असतं. लिहिलेलं असो, धुणं चुकत नाही.

पाचवं बोट, ओळख. भडक रंगाची डबी घ्या, म्हणजे गवतात पडली तरी दिसते आणि आजीलाही कचरा वाटत नाही. वर नाव घाला. आमच्या मुलींनी नेलपेंटने नावं लिहिली, ती लवकर पुसली जात नाहीत. दोरी किंवा कडी अडकवायला भोक असेल तर डबी दप्तराला बाहेरून लटकवता येते. एकीचं गार्ड दुसरीने कधीच वापरायचं नाही, सख्ख्या बहिणीचंही नाही.

मनासारखी डबी मिळालीच नाही तर? साबणाची नवी डबी घ्या, खाली जाळी किंवा फटी असलेली. माप बसत असेल तर तीही चालते. पण ती फक्त गार्डासाठीच ठेवायची.

आता रोजचा नेम. खेळून आलं की गार्ड साध्या गार पाण्याने धुवायचं. मऊ ब्रशला थोडा साबण लावून घासायचं आणि स्वच्छ पाण्याने खळबळायचं. गरम पाणी नको, गरम पाण्याने ते पुन्हा मऊ पडून वाकतं. सावलीत कोरडं करायचं, मगच डबीत ठेवायचं. उन्हात नाही, चुलीजवळ नाही, जीपच्या काचेपुढे तर नाहीच. डबीही साबणाच्या पाण्याने अधूनमधून धुवायची आणि उघडी वाळवायची. गार्ड फाटलं, चावून पातळ झालं किंवा सैल पडलं तर बदलायचं. वाढत्या वयात दात पडतात, नवे येतात, जागा बदलतात. म्हणून लहान मुलींचं गार्ड बसतंय का, ते वरचेवर बघायचं.

आणि एक गोष्ट जीवाला लावून ऐका. कधी पक्का दात मुळासकट बाहेर पडला, तर घाबरून तो फेकू नका. पांढऱ्या बाजूने धरा, मुळाला हात लावू नका, घासू नका. माती लागली असेल तर दुधाने किंवा स्वच्छ पाण्याने क्षणभर हलकेच धुवा. मूल शुद्धीवर असेल आणि जमत असेल तर दात जागेवर बसवून रुमाल चावून धरायला सांगा. नाही जमलं तर गार दुधात ठेवा आणि लगेच दातांच्या डॉक्टरांकडे न्या. अर्ध्या तासात पोहोचलात तर फार चांगलं, तास उलटू देऊ नका. दुधाचा दात असेल तर तो परत बसवायचा नसतो, पण डॉक्टरांना दाखवायचं.

त्या मुलीचं काय झालं, हे सांगायचं राहिलं. आम्ही पाचजणी तिच्या घरी गेलो. वडिलांशी वाद घातला नाही. म्हणालो, "भाऊ, चूक आमची. डबी आम्ही नाही घेतली." नवं गार्ड आणि लाल डबी त्यांच्या हातात दिली. त्यांनी डबी उघडली, बंद केली, परत उघडली. बोलले काहीच नाहीत. डॉक्टरांनी तार काढली आणि खेळायला हरकत नाही म्हणून सांगितलं, त्या दिवशी त्यांनी दाराच्या चौकटीला एक खिळा ठोकला. आता डबी तिथे लटकते. मुलगी मैदानाला निघाली की तेच विचारतात, "डबी घेतली का?"

पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात आम्ही एक ओळ वाढवली: गार्डासोबत डबी घेणे. तुमच्याही गटात मुलींच्या खेळाचं साहित्य घ्यायचं ठरेल, तेव्हा ही ओळ विसरू नका.