‘वर’ म्हणजे नेमकं कुठं?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



या वेळी अर्थसंकल्पावर बोलणार आहे, असं घरी सांगितलं तेव्हा थोरली मुलगी हसली. कवी माणूस आणि अर्थसंकल्प! तिचं हसणं रास्त आहे. कवींचा अर्थसंकल्पाशी संबंध येतो तो एवढाच, की मंत्रिमहोदय भाषणात मध्येच एखादा शेर किंवा एखादी ओवी म्हणतात. बाकं वाजतात आणि पुढचा परिच्छेद सुरू होतो. त्या ओळीची तरतूद कोणत्या लेखाशीर्षाखाली होते, ते मला अजून कळलेलं नाही.

मी अर्थशास्त्र शिकलेलो नाही, बी. ए.ला मराठी होतं. पण मला बोलायचं आहे ते एका शब्दाबद्दल, आणि शब्द हा आमच्या दुकानातला माल आहे. तो शब्द म्हणजे ‘वर’. रस्ता का झाला नाही? वरून पैसे आले नाहीत. शिक्षक का नाही? वरून भरती नाही. औषध का नाही? वरून पुरवठा नाही. हे ‘वर’ म्हणजे आकाश नव्हे. वरच्या मालकाबद्दल माझी तक्रार नाही, त्याचा हिशेब तो वेळेवर घेतो असं ऐकून आहे. मी बोलतोय ते माणसांनी बांधलेल्या मजल्यांबद्दल.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं. त्याचा भाग म्हणून २००७पासून महाराष्ट्रात अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचं धाराशिव), पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकऱ्यांनी दवाखान्याची माहिती गोळा करायची, चांगलं-वाईट कागदावर मांडायचं आणि मग जनसुनवाई घ्यायची. एका बाजूला लोक, दुसऱ्या बाजूला डॉक्टर आणि अधिकारी, मध्ये माईक. अशा एका जनसुनवाईला मी श्रोता म्हणून बसलो होतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथले डॉक्टर भले होते आणि त्यांचा यात फारसा दोष नव्हता.

त्या काळी प्राथमिक आरोग्य केंद्राला वर्षाला २५ हजारांचा अबंधित निधी, देखभालीचे ५० हजार आणि रुग्ण कल्याण समितीचे १ लाख, असे १ लाख ७५ हजार रुपये येत. लोकांनी त्या पावणेदोन लाखांचा अक्षरशः कीस काढला. नळाची तोटी केवढ्याची? पाण्याची टाकी साफ केल्याची पावती कुठे आहे? चौथी शिकलेला एक म्हातारा बोट ठेवून ओळी वाचत होता. डॉक्टरांनी बहुतेक उत्तरं दिली, दोन ठिकाणी गप्प राहिले. मग प्रश्न मोठा झाला. दुसरं डॉक्टरपद रिकामं का? बाळंतपणासाठी जिल्ह्याला का पाठवता? डॉक्टर म्हणाले, “मावशी, ते वरून ठरतं.”

मावशी बसल्या नाहीत. म्हणाल्या, “वर म्हंजी नेमकं कुठं ओ, साहेब? जिल्ह्याला का मुंबैला? सांगा, आमी यष्टीनं जाऊ.”

मंडपात हशा झाला, डॉक्टरही हसले. उत्तर मात्र कुणाजवळच नव्हतं. पावणेदोन लाखांवर बोलायला माईक होता. ज्या कागदावर डॉक्टरांची पदं, औषधांची खरेदी आणि जिल्हा रुग्णालयाच्या खाटा ठरतात, त्या कागदावर बोलायला माईक नव्हता. तो कागद म्हणजे राज्याचा अर्थसंकल्प.

तो मंजूर कसा होतो हे थोडक्यात सांगतो. राज्यघटनेच्या २०२व्या कलमाप्रमाणे वर्षाचं वित्तीय विवरणपत्र विधिमंडळापुढे ठेवतात. पुढच्या दोन कलमांप्रमाणे विधानसभा खात्याखात्याच्या मागण्यांवर मत देते आणि विनियोजन विधेयक मंजूर होतं. चर्चेचे दिवस संपले की उरलेल्या मागण्या एकदम मताला टाकतात. संसदीय भाषेत याला गिलोटिन म्हणतात. माणसं मारायचं यंत्र चर्चा मारायला वापरतात, हे नाव ठेवणारा मोठा प्रामाणिक असला पाहिजे. या सगळ्या वाटेवर नागरिकाने उभं राहून चार शब्द बोलण्याची जागा नाही. रक्कम केवढी? १० मार्च २०२५ रोजी महाराष्ट्राचा २०२५-२६चा अर्थसंकल्प मांडला गेला, तो साधारण ७ लाख कोटींचा होता. २०११च्या जनगणनेतली ११ कोटी २४ लाख माणसं धरली तर डोईमागे ६२ हजार रुपये होतात. लोकसंख्या त्यानंतर वाढली हे धरूनही आकडा ५० हजारांच्या खाली जात नाही.

आता गंमत पाहा. याच राज्यात विजेचा दर वाढायचा असेल तर तुम्हाला बोलता येतं. २००३च्या वीज कायद्याच्या ६४व्या कलमाप्रमाणे दराचा प्रस्ताव जाहीर करावा लागतो, लोकांच्या सूचना-हरकती घ्याव्या लागतात आणि नियामक आयोग सुनावणी ठेवतो. तिथे शेतकरी येतात, यंत्रमागवाले येतात, निवृत्त इंजिनिअर तर फायलीच घेऊन येतात. दर बहुतेक वेळा वाढतोच, ते सोडा. मला मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. आयोगाच्या निकालपत्रात हरकत काय होती, कंपनीचं त्यावर म्हणणं काय आणि आयोगाने काय ठरवलं, हे लेखी येतं. तुमचं म्हणणं फेटाळलं तरी का फेटाळलं, ते छापलं जातं.

खाणीचं किंवा मोठ्या कारखान्याचंही तसंच. २००६च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीची किमान ३० दिवसांची सूचना द्यावी लागते, चित्रीकरण करावं लागतं आणि शेवटी कामकाजाचा सारांश लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावा लागतो. यातही पळवाटा काढतात, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला सांगायला नको. पण नियम तरी आहे. ग्रामसभेतही आपण बोलतो, निदान बोलावं अशी अपेक्षा आहे. १४व्या वित्त आयोगाचा पैसा २०१५पासून थेट ग्रामपंचायतीला येऊ लागला, तेव्हा ‘आमचा गाव, आमचा विकास’ म्हणून गावाने स्वतःचा आराखडा करायचं ठरलं. पुणे महापालिकेने तर २००६-०७च्या सुमारास नागरिकांकडून छोट्या कामांच्या सूचना घेऊन त्या अंदाजपत्रकात धरायला सुरुवात केली. म्हणजे गल्लीतल्या दिव्यावर बोला, पदपथावर बोला, विजेच्या युनिटवर बोला. फक्त ७ लाख कोटींवर बोलू नका.

यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं: लोकांना अर्थसंकल्प कळत नाही. हे उत्तर देणाऱ्याने एकदा आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडवर चहा प्यावा. तिथे कार्यकर्ते ‘३०५४मधून रस्ता घेतला’, ‘२५१५मधून सभामंडप बसवला’ असं बोलत असतात. हे अर्थसंकल्पातल्या लेखाशीर्षांचे नंबर आहेत. पहिला रस्ते-पुलांचा, दुसरा ग्रामविकासाचा. सोयऱ्याच्या नावासारखे ते माणसांच्या तोंडी बसलेत. गावागावांतल्या फलकांवर ते रंगवलेले आहेत. ज्या आकड्याशी आपला संबंध आहे तो आकडा माणसाला कळतो. बाकीचे कुणी सांगितलेच नाहीत, तर कळणार कसे?

राजस्थानात हे फार आधी दिसलं. राजसमंद जिल्ह्यातल्या भीम-देवडुंगरी भागात अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह आणि तिथल्या शेतमजुरांनी १९९०मध्ये मजदूर किसान शक्ती संघटना उभी केली. दुष्काळी कामावरची मजुरी पुरी मिळत नव्हती. विचारलं की कागद दाखवत नसत. २ डिसेंबर १९९४ला कोट किराना इथे त्यांनी पहिली जनसुनवाई घेतली. मिळवलेले हजेरीपट आणि बिलं लोकांसमोर मोठ्याने वाचली, बस्स. इतकंच केलं. नाव पुकारलं की लोक सांगत, हा तर गावात नाही, हा तर वारला. कागदावर पूर्ण झालेलं काम जमिनीवर अर्धं उभं असे. माईक सगळ्यांना खुला होता, आरोप झालेल्यालाही. १९९६मध्ये ब्यावरला ४० दिवसांचं धरणं झालं आणि ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा देशभर गेली. पुढचं आपल्याला ठाऊक आहे. २००५चा माहितीचा अधिकार या वाटेने आला.

‘हिसाब’ हा शब्द मला फार आवडतो. मूळचा अरबी, मराठीत हिशेब झाला. जमा, खर्च, वसूल, बाकी, महसूल... मराठीतला पैशाचा सगळा संसार याच घरातला. ‘अंदाजपत्रक’ तर निम्मं फारसी, निम्मं संस्कृत. पूर्वी बजेटला तेच म्हणत, पालिकांमध्ये अजूनही म्हणतात. मला ते ‘अर्थसंकल्पा’पेक्षा अधिक खरं वाटतं. संकल्प म्हटलं की पळी-पंचपात्र आलं, शंका घेण्याची सोय राहत नाही. अंदाज म्हटलं की कुणीही म्हणू शकतो, साहेब, तुमचा अंदाज चुकला.

राजस्थानातला हिशेब झालेल्या खर्चाचा होता. पैसा कुठे गेला, हे विचारणं वेगळं. कुठे जावा, हे विचारणं वेगळं, आणि ते अवघड आहे. गुजरातेत ‘दिशा’ या आदिवासी-मजुरांच्या संघटनेने नव्वदच्या दशकात ते करून पाहिलं. आदिवासींसाठी एवढे कोटी, असं भाषणात येतं, मग ते पोचतात कुठे, या प्रश्नापासून त्यांनी सुरुवात केली. अर्थसंकल्पाची जाडजूड पुस्तकं मिळवली, फोडली, सोप्या गुजरातीत टिपणं केली आणि अधिवेशन चालू असताना आमदारांच्या हाती दिली. त्या पुस्तकांत बेरजेच्या चुकासुद्धा सापडल्या. सरकारी पुस्तकात बेरीज चुकते आणि ती आदिवासींच्या संघटनेला सापडते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आता दुसरी बाजू. आमदार म्हणतील, आम्हाला निवडून दिलंत ना? मग परत तुम्हीच कशाला बोलता? यात तथ्य आहे. सुनावणीत मत नसतं, मत सभागृहातच पडायला हवं. पैसाही मोकळा नसतो. पगार, निवृत्तिवेतन आणि कर्जाचं व्याज यांतच मोठा वाटा आधी निघून जातो. हे बोलणाऱ्यालाही माहीत असावं, नाहीतर सुनावणी म्हणजे मागण्यांची जत्रा होईल. आणि माईक खुला ठेवला की तो मोठ्या आवाजाच्या हातात जातो. आमच्या मोहल्ल्यातल्या बाया, पलीकडच्या वडारवस्तीतली माणसं रांगेत मागेच राहतात. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९पासून वस्तीवस्तीत सभा घेऊन अंदाजपत्रक ठरवलं. गरीब वस्त्यांनी पाणी, गटारं, पक्के रस्ते मागितले आणि ते मिळत गेले. रिओ ग्रांदे दो सुल या त्यांच्या राज्यानेही १९९९ ते २००२ या काळात राज्याच्या पातळीवर तो प्रयोग केला. सरकार बदललं, उत्साह ओसरला. शहरातही २०१७मध्ये तो थांबवला गेला. जे कायद्यात नसतं ते मर्जीवर चालतं.

म्हणून मला हवी असलेली सुनावणी साधी आहे. अर्थसंकल्प छापल्यावर नको, त्याच्या आधी, नोव्हेंबर-डिसेंबरात, खात्यांचे आकडे अजून ओले असताना. राज्याच्या सहाही महसुली विभागांत एकेक. आधी महिनाभर जिल्ह्याजिल्ह्याचे आकडे मराठीत, वाचता येतील अशा अक्षरात. एकेकाला तीन मिनिटं, आधी बायांना. आणि विजेच्या निकालपत्रासारखं लेखी उत्तर: हे मानलं, हे मानलं नाही, कारण असं. ते उत्तर आमदारांच्या टेबलावर अर्थसंकल्पाबरोबर ठेवावं.

माझी तीन मिनिटं मी ठरवून ठेवली आहेत. आमच्या मोहल्ल्यातली उर्दू शाळा सातवीपर्यंत आहे. आठवीची शाळा साडेचार किलोमीटरवर, मध्ये हायवे, आणि शाळेच्या वेळेला बस नाही. मुलगे सायकलने जातात. मुली दरवर्षी सातवीनंतर घरी बसतात. त्यातल्या दोघी माझ्याकडे कविता दाखवायला यायच्या. दोन वर्गखोल्या आणि दोन शिक्षक, एवढंच लागतं. शिक्षणाचं लेखाशीर्ष २२०२ आहे, ते मी पाहून ठेवलंय. त्यातल्या कोणत्या ओळीत आमच्या या चार गोष्टी बसतात, आणि बसत नसतील तर का बसत नाहीत, ते लेखी कळवावं.